कलंक माणसात शोधायचा की दवाखान्यात?

अटलांटात पब्लिक हेल्थचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "प्रबंधासाठी मला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांच्या वाट्याला येणारा कलंक आणि त्यांचं आरोग्य हा विषय मिळाला आहे. वाचायला सुरुवात केली, पण शंका फिटत नाही. त्यांच्यात एचआयव्ही जास्त आहे याचं कारण शेवटी वागणूकच असणार ना? कलंक ही मनातली गोष्ट, ती मोजायची कशी आणि गरिबीपासून वेगळी कशी काढायची? शिवाय मी मराठी मुलगा, ती माणसं माझ्याशी का बोलतील?"

प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आजाराचं कारण आजारी पडणाऱ्या माणसात शोधायचं, की त्याच्याभोवती जी व्यवस्था उभी आहे तिच्यात? या क्षेत्रात काम करताना मला तरी दुसऱ्या बाजूला जास्त उत्तरं सापडली. तुमचा प्रबंध कसा होईल हे तुमच्याकडे वेळ किती आहे, तयार डेटा हाताशी आहे की स्वतः गोळा करायचा आहे आणि तुमच्या गाईडचं काम कुठल्या पद्धतीचं आहे यावर ठरेल. त्यामुळे खालचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका.

आधी वागणुकीची शंका, कारण ती मिटल्याशिवाय पुढचं काही नीट दिसणार नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने एक अंदाज जाहीर केला: संसर्गाचा त्या वेळचा वेग तसाच राहिला तर समलिंगी आणि उभयलैंगिक कृष्णवर्णीय पुरुषांपैकी दोघांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी एचआयव्हीचं निदान होईल. गोऱ्या समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांसाठी हाच आकडा अकरांत एक होता. एवढा फरक पाहिला की कुणालाही वाटतं, ही माणसं जास्त बेफिकीर असणार. संशोधकांनाही आधी तसंच वाटलं होतं, म्हणून त्यांनी ते तपासलं. ग्रेगरी मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. पुढे 2012 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापलं, त्यात एकट्या अमेरिकेतले 174 अभ्यास होते. निष्कर्ष स्पष्ट होता. कृष्णवर्णीय पुरुषांचं वागणं इतरांपेक्षा जास्त धोक्याचं नव्हतं. अमेरिकेत तर प्रतिबंधाची काळजी ते काकणभर जास्तच घेत होते. फरक दिसला तो बेरोजगारी, कमी उत्पन्न, तुरुंगवास, आरोग्य विमा नसणं, उपचार उशिरा सुरू होणं आणि औषधांनी विषाणू दबलेला नसणं यांत.

इथे विद्यार्थी अडखळतात. वागणूक सारखी, तर संसर्ग जास्त कसा? हे गणित एका काल्पनिक उदाहरणावर करून पाहा. समजा एका गटात शंभर संभाव्य जोडीदारांपैकी तीस जणांना एचआयव्ही आहे आणि त्यांतल्या दहांना उपचार मिळालेले नाहीत. दुसऱ्या गटात शंभरात दहा जणांना एचआयव्ही आहे आणि एकच उपचारांविना आहे. दोन्ही गटांतला एकेक तरुण अगदी सारखंच वागला, कंडोम तितक्याच वेळा वापरला, जोडीदारही तितकेच ठेवले, तरी पहिल्याची संसर्ग पसरवू शकणाऱ्या व्यक्तीशी गाठ पडण्याची शक्यता दुसऱ्याच्या दहापट आहे. अमेरिकेत जोडीदार बहुतेक वेळा आपल्याच वर्णाचा असतो. वस्त्या वेगळ्या असतात, आणि गोऱ्या समलिंगी वर्तुळांत कृष्णवर्णीयांना नाकारलं जाणं हे डेटिंग अ‍ॅपवर उघडपणे लिहिलेलं दिसतं. त्यामुळे वर्तुळ लहान आणि दाट राहतं. एकदा तिथे संसर्गाचं प्रमाण वाढलं की प्रत्येक नव्या मुलाला तोच वारसा मिळतो. त्याचा दोष त्याच्या चारित्र्याला लावणं हे शास्त्रही नाही आणि न्यायही नाही.

या समुदायात हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं गेलं ते एचपीटीएन 061 या अभ्यासात. एचपीटीएन म्हणजे एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्या घेणारं संशोधकांचं जाळं. 2009 पासून अटलांटा, बोस्टन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन या सहा शहरांत 1,553 कृष्णवर्णीय पुरुष त्यात सहभागी झाले. नव्या संसर्गाचा वार्षिक दर एकंदर 3 टक्के होता, आणि 18 ते 30 वयोगटात 5.9 टक्के. तुमचं शहर त्यात आहे, तेव्हा तो मूळ शोधनिबंध सारांशावर न थांबता पूर्ण वाचा.

मग आपल्या काल्पनिक उदाहरणातले ते दहा जण उपचारांविना का राहतात? याच एचपीटीएन जाळ्याच्या 052 या अभ्यासाने 2011 मध्ये दाखवलं की एचआयव्हीबाधित व्यक्तीला लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो. ती जोडपी बहुतेक स्त्री-पुरुषांची होती. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्या अभ्यासाचं एक केंद्र होती, म्हणजे या ज्ञानात पुण्यातल्या जोडप्यांचाही वाटा आहे. पुढे पुरुष जोडप्यांच्या युरोपातल्या अभ्यासानेही हेच सिद्ध केलं: विषाणू दबलेला असेल तर संसर्ग होत नाही. औषध आहे, ते काम करतं हेही ठाऊक आहे, आणि तरी जॉर्जियातला, म्हणजे तुमचं अटलांटा ज्या राज्यात आहे तिथला, एखादा तरुण त्याच्यापर्यंत पोचत नाही. 2010 च्या आरोग्य कायद्याने गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्याचा विस्तार ठरवला होता. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांच्या मर्जीवर सोडला. दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी तो नाकारला आणि जॉर्जियाने तो पूर्णपणे कधीच स्वीकारला नाही. मूल नसलेला, कमी पगारावर राबणारा, धडधाकट तरुण अशा राज्यात विम्याच्या जाळीतून सहज निसटतो.

तुम्ही म्हणाल, ही विम्याची गोष्ट झाली, यात कलंक कुठे आला? आपल्या क्षेत्रात 'कलंक' म्हणजे कुणीतरी टोमणा मारला एवढंच नव्हे. ब्रूस लिंक आणि जो फेलन यांनी 2001 मध्ये जी मांडणी केली तिचे घटक असे: माणसावर शिक्का मारणं, त्या शिक्क्याला वाईट गुण चिकटवणं, 'ते' आणि 'आपण' अशी फाळणी करणं, त्यातून त्याची पत आणि संधी घटणं, आणि हे घडवून आणण्याइतकी सत्ता एका बाजूकडे असणं. सत्तेचा मुद्दा विसरलात तर कलंक मनाच्या आजारासारखा भासतो आणि उपाय म्हणून समुपदेशन सुचतं. सत्ता लक्षात ठेवलीत तर कायदा, विमा, पोलीस, दवाखान्याची वेळ, फॉर्मवरचे रकाने हे सगळं तुमच्या अभ्यासात येतं. फेलन, लिंक आणि मार्क हॅट्झनब्यूलर यांनी 2013 मध्ये कलंकाला आरोग्यविषमतेचं मूलभूत कारण म्हटलं ते याच अर्थाने. एक वाट बंद केली तर तो दुसरीने परिणाम करतो.

आता मोजमाप. प्रबंधांत सर्वांत जास्त दिसतो तो इलान मायर यांचा अल्पसंख्याक-ताणाचा आराखडा, 1995 मध्ये मांडलेला आणि 2003 मध्ये विस्तारलेला. त्यात बाहेरून येणारे ताण आहेत, म्हणजे मारहाण, नोकरीतून काढणं, अपमान. आणि आत मुरलेले आहेत: नकाराची सतत धास्ती, स्वतःला लपवणं, स्वतःचीच घृणा वाटणं. आराखडा उपयोगाचा आहे. अडचण वापरणाऱ्यांची आहे. आत मुरलेले ताण प्रश्नावलीने सहज मोजता येतात म्हणून तेवढेच मोजले जातात, आणि शेवटी निबंध सांगतो की 'या पुरुषांमधली आत्मघृणा कमी करायला हवी'. ज्याला दुखापत झाली त्यालाच सुधारायला पाठवणारा हा निष्कर्ष मी वर्षानुवर्षं वाचतो आहे आणि प्रत्येक वेळी तो मला तितकाच अस्वस्थ करतो.

दुसरी अडचण बेरजेची. वंशभेदाचे गुण इतके, समलिंगी म्हणून झालेल्या भेदभावाचे इतके, दोन्ही मिळवले की झाला दुहेरी कलंक, असं समजून गणित केलं जातं. किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये कायद्याच्या संदर्भात दाखवलं होतं की वंश आणि लिंग यांचा जाच असा सुटा सुटा मोजून मिळवता येत नाही. सार्वजनिक आरोग्यात ही गोष्ट ठामपणे आणली लिसा बोलेग यांनी. वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांच्या मुलाखतींवरचा त्यांचा 2013 चा निबंध जरूर वाचा. त्याच्या शीर्षकातच केकची उपमा आहे: मिश्रण एकजीव झालं की त्यातून पीठ वेगळं आणि अंडी वेगळी काढता येत नाहीत. त्यामुळे 'हा अपमान वर्णामुळे झाला की समलिंगी असल्यामुळे?' हा प्रश्न प्रश्नावलीत घालताना दहादा विचार करा. पोलिसाने रात्री गाडी अडवली तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं हे गाडीत बसलेल्या माणसाने कसं सांगायचं? त्याऐवजी काय घडलं, कुठे घडलं, त्यानंतर त्याने काय टाळलं हे विचारा.

बेरीज चुकते याचा पुरावा आकड्यांतही आहे. मायर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला अभ्यास 2008 मध्ये छापून आला. दुहेरी ताण म्हणजे दुहेरी मनोविकार असं असतं तर समलिंगी आणि उभयलैंगिक कृष्णवर्णीयांत मनोविकार गोऱ्यांपेक्षा जास्त निघायला हवे होते. निघाले कमी. हा निष्कर्ष गैरसोयीचा म्हणून अनेक जण तो गाळतात. तुम्ही गाळू नका. वंशभेदाशी झुंजायचं बळ घरातून लहानपणीच मिळतं आणि तेच पुढे कामी येतं, असं एक स्पष्टीकरण आहे. निदानाच्या प्रश्नावल्या काही लोकांचं दुःख नीट पकडत नाहीत, असं दुसरं. मला दोन्हींत तथ्य वाटतं. पण महत्त्वाचं हे की या माणसांकडे फक्त जखमा नाहीत, सामर्थ्यही आहे. निवडलेली कुटुंबं आहेत, बॉलरूम या नाच-पोशाखांच्या स्पर्धांच्या जगातली 'हाउसेस', म्हणजे घराणी, आहेत, जिथे घरातून हाकललेल्या पोराला कुणीतरी आई होऊन सांभाळतं. चर्च आहे, आणि त्याच्याबद्दल सरसकट बोलू नका. तिथल्या व्यासपीठावरून शिव्याशाप ऐकलेले पुरुष आहेत, आणि संकटात तिथेच आधार मिळालेलेही आहेत. हार्लेममध्ये 1989 मध्ये परनेसा सील यांनी एड्ससाठी प्रार्थना सप्ताह सुरू केला तो कृष्णवर्णीय चर्चना सोबत घेऊनच.

गरिबीचं काय? तुमच्या समितीतलं कुणीतरी हमखास म्हणेल, "उत्पन्नासाठी समायोजन करा, म्हणजे उत्पन्न स्थिर धरा, मग कलंकाचा परिणाम उरतो का पाहू." सांभाळा. समलिंगी असल्याचं कळल्यावर सोळाव्या वर्षी घराबाहेर काढलं, शिक्षण सुटलं, नोकरी मिळाली नाही, विमा मिळाला नाही: इथे गरिबी ही कलंक आणि आजार यांच्यामधली पायरी आहे. ती पायरीच समीकरणात स्थिर धरलीत तर कलंकाचा परिणाम तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता, आणि वर लिहिता की परिणाम आढळला नाही. उलट, आई-वडिलांची गरिबी आधीपासूनची आहे, ती कलंक आणि आजार दोन्हींवर परिणाम करून गोंधळात पाडणारं चल म्हणून धरायलाच हवी. म्हणून विश्लेषणाला बसण्याआधी कागदावर बाणांचं चित्र काढा: कशामुळे काय होतं आणि कोणतं आधी. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवल्याशिवाय संगणक उघडू देत नाही.

याला जोडून दोन धोके. एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणात 'नैराश्य असलेल्यांनी जास्त भेदभाव सांगितला' असं दिसलं तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरवता येत नाही. आणि नमुना कुठून आला ते पाहा. बार, प्राइड, एचआयव्ही केंद्रं इथून माणसं घेतली तर जे कधीच कुणाला सांगत नाहीत ते नमुन्यात येतच नाहीत. ज्यांना कलंकाने सर्वांत जास्त दाबलं तेच मोजणीतून गळतात. ओळखीतून ओळख अशी साखळी लावून नमुना घेण्याची पद्धत थोडी मदत करते, पण छोट्या गावातला विवाहित उभयलैंगिक पुरुष त्यातूनही हाती लागेल याची खात्री नाही. असाच माणूस 2003-04 च्या सुमारास अमेरिकी माध्यमांनी खलनायक ठरवला होता. 'डाउन लो'वर लपून राहणारे कृष्णवर्णीय पुरुषच स्त्रियांना एचआयव्ही देतात, असा गाजावाजा झाला. उपलब्ध पुरावा त्या गृहीतकाला आधार देत नव्हता, हे मिलेट आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्येच लिहिलं. पण शिक्का बसायचा तो बसला. 2016 च्या 'दोघांतला एक' या मथळ्यानेही थोडं तसंच केलं. इशारा म्हणून दिलेला आकडा अनेक तरुणांच्या कानात भविष्यवाणी म्हणून शिरला. आपलं संशोधनही कलंक लावू शकतं, तेव्हा गोषवारा लिहिताना 'वेग तसाच राहिला तर' ही अट शेवटच्या ओळीत ढकलू नका.

इथवरचा सार: वागणुकीने फरक समजत नाही, जोडीदारांचं जाळं आणि उपचार यांनी बराच समजतो, आणि त्या दोन्हींना आकार देणारी सत्तेची रचना म्हणजे कलंक. मोजायचा तर तो दवाखान्याच्या दारातही मोजा.

दवाखान्याच्या दारात म्हणजे कसं, हे 'अविश्वास' या विषयावर सांगतो. टस्कीगीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. अलाबामातल्या मेकन परगण्यात 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांना निरीक्षणाखाली ठेवलं, त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस होता. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार ठरल्यावरही तो त्यांना दिला नाही. हे सत्य आहे आणि ते विसरू नये. पण प्रबंधांत त्याचा एक सोयीस्कर वापर होतो: 'टस्कीगीमुळे यांचा डॉक्टरांवर विश्वास नाही.' मी ऐकलेल्या मुलाखतींत टस्कीगीचा उल्लेख क्वचित येतो. येतं ते गेल्या महिन्यातलं. खिडकीवरच्या बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, डॉक्टरांनी हात लावण्याआधी दुहेरी हातमोजे घातले, प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, मागितली तर आधी जोडीदार किती ते विचारून भुवया उंचावल्या. अविश्वास मोजणाऱ्या पट्ट्या आहेत आणि वापरायला हरकत नाही. लॉरा बोगार्ट यांच्या अभ्यासांत अविश्वासाचा औषधं चुकण्याशी संबंध दिसला आहे. पण जोडीला दुसरी बाजू तपासा: तो दवाखाना विश्वासाला पात्र आहे का? संध्याकाळी उघडा असतो का? फॉर्म काय विचारतो? तिथे कृष्णवर्णीय कर्मचारी आहेत का, आणि ते फक्त झाडलोटीला आहेत की निर्णयालाही?

व्यवस्था बदलली तर काय होतं याची झलक एचपीटीएन 073 मध्ये दिसली. प्रेपला अमेरिकेत जुलै 2012 मध्ये मान्यता मिळाली, पण कृष्णवर्णीय पुरुषांपर्यंत ती फार कमी पोचली आणि 'त्यांना नकोच आहे' असा समज पसरला. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन आणि चॅपल हिल इथे 226 कृष्णवर्णीय पुरुषांना प्रेपबरोबरच एक समन्वयक दिला. विमा, घर, नोकरी, मनःस्थिती, त्या माणसाला जे आधी हवं ते आधी पाहायचं. 79 टक्क्यांनी प्रेप घ्यायला सुरुवात केली. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, म्हणून सगळं श्रेय समन्वयकाला देता येणार नाही, हे तुमच्या प्रबंधात स्पष्ट लिहा. पण 'त्यांना नकोच आहे' हे म्हणणं त्यानंतर टिकत नाही. हा अभ्यास उभारण्यात आणि चालवण्यात कृष्णवर्णीय संशोधक पुढे होते, हा माझ्या मते योगायोग नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटला. तुम्ही बाहेरचे आहात, ते लपवू नका. आपल्याकडेही वर्णभेद आहे. अमेरिकेत आलेल्या भारतीय कुटुंबांत कृष्णवर्णीयांबद्दल काय बोललं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे आणि समोरच्यालाही त्याचा अंदाज असतो. 'आमच्याकडे जात आहे, म्हणून मला तुमचं दुःख कळतं' असं म्हणून जवळीक साधू नका. जात आणि वंश यांचे इतिहास वेगळे आहेत, आणि तुम्ही स्वतः सवर्ण असाल तर ते वाक्य आणखी पोकळ ठरतं. शिकून परत आल्यावर दलित समलिंगी पुरुषांबरोबर काम करायचं असेल तर नेण्यासारखे आहेत ते प्रश्न: बेरीज चालते का, मधली पायरी कोणती, नमुन्यातून कोण गळलं. उत्तरं तिथलीच शोधावी लागतील.

मुलाखती स्वतः घ्यायच्या की नाहीत हे वेळेवर ठरवा. एकच सत्र हातात असेल तर मी सांगेन की घेऊ नका. तयार डेटावर काम करा आणि वाचनासाठी समुदायातल्या दोघा-तिघांना मानधन देऊन सल्लागार करा. वर्षभर असेल तर अटलांटात कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांनीच चालवलेल्या संस्था आहेत, तिथे आधी काही महिने त्यांना हवं ते काम करा, टेबल लावण्यापासून डेटा भरण्यापर्यंत. प्रश्नावली नंतर, त्यांना दाखवून. आयआरबीची, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन-नीती समितीची, परवानगी ही किमान अट आहे, संस्थेची संमती वेगळी घ्या. आणि विषय एचआयव्हीपुरताच ठेवायचा का, हेही त्यांनाच विचारा. रक्तदाब, झोप, एकटेपण, म्हातारपण यांवर फार कमी लिहिलं गेलं आहे. या पुरुषांना एका विषाणूच्या पलीकडेही शरीर आहे. प्रबंधाचे निष्कर्ष समितीपुढे नेण्याआधी त्यांचा दोन पानी सोपा गोषवारा करून त्या संस्थेत वाचून दाखवा, आणि त्यांनी जिथे हरकत घेतली तिथे ती हरकत प्रबंधात नोंदवा.